जड टूरिंग गाडीचं सस्पेन्शन: नागपूरच्या रायडर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी रामटेककडे निघालेला घोळका तर्री पोह्यांसाठी थांबला की कुणी तरी दुसऱ्याच्या गाडीमागे वाकून शॉकअपकडे बघतोच. संध्याकाळी मला मेसेज येतो, "भाऊ, हा बसवू का?" मी मेकॅनिक नाही. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी करतो आणि घरच्या पोर्चमध्ये गाड्या उघडायची खोड आहे. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जड, सामान आणि मागे माणूस घेऊन लांब जाणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय.

१. सस्पेन्शन अपग्रेड म्हणजे नेमकं काय? नुसते मागचे शॉकअप बदलले की झालं का?

स्प्रिंग आणि डॅम्पर ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजा. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा दणका अंगावर घेते. डॅम्पर, म्हणजे शॉकअपच्या आतलं तेल, पिस्टन आणि त्यावरच्या पातळ चकत्या, त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. चाक वर जाताना जे आवरणं होतं ते कंप्रेशन, खाली परतताना होतं ते रिबाउंड. स्प्रिंगमधली ऊर्जा डॅम्पर उष्णतेत बदलतो, म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो.

अपग्रेड म्हणजे आधी तुमच्या वजनाची स्प्रिंग आणि मग त्या स्प्रिंगला आवरणारा डॅम्पर. लोक उलटं करतात. भारी डॅम्पर आणतात आणि आत स्प्रिंग कुठली आहे ते विचारतच नाहीत. मीही तेच केलं होतं, ती कथा प्रश्न ६ मध्ये.

२. माझ्या गाडीला खरंच नवीन सस्पेन्शन लागतं का, हे कसं ओळखू?

खर्च करण्याआधी चार गोष्टी बघा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

पहिली, टायरमधली हवा. थंड टायरवर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे. पंपावरचा मुलगा सगळ्याच बुलेटना एकच आकडा मारतो. दुसरी, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) खालचं टोक पुढे-मागे हलवा, खटका लागला तर दोष फोर्कचा नाही. तिसरी, चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश. मागचं चाक बाजूने ढकलून बघा. चौथी, फोर्कचं तेल. गाडी पाच वर्षांची आणि तेल कंपनीतून आलेलंच असेल तर आत काळं पाणी उरलेलं असतं. ते बदलल्यावर अर्ध्या लोकांना गाडी नवी वाटते.

हे सगळं ठीक असूनही गाडी वळणात डुलत असेल, ब्रेक मारला की नाक आपटत असेल, स्पीड ब्रेकरवर मागे ठक्क वाजत असेल किंवा सामान लादल्यावर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल, तर पुढे वाचा.

३. सॅग सॅग म्हणतात ते काय? घरी मोजता येतं का?

येतं. टेप, केबल टाय आणि दोन मित्र पुरतात. तिघांपैकी एकाला तरी आकडे लिहून ठेवायची शिस्त हवी.

सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. आधी चाक जमिनीवरून पूर्ण उचला. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून बरोबर वर सीटखाली चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी चाकांवर उभी करा, कुणी बसू नका, पुन्हा मोजा. हा दुसरा. शेवटी जॅकेट, बूट, हेल्मेट घालून तुम्ही बसा, एकाने पुढून गाडी धरावी, दुसऱ्याने मोजावं. हा तिसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की गाडीचा मोकळा सॅग, पहिल्यातून तिसरा वजा केला की रायडर सॅग.

सील आणि बुशच्या घर्षणामुळे सस्पेन्शन दर वेळी वेगळ्या जागी थांबतं. म्हणून एकदा खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, एकदा वर उचलून हळूच सोडा आणि मोजा, मग दोन्हींची सरासरी घ्या. पुढे हेच काम फोर्कच्या पाईपवर बांधलेल्या केबल टायने होतं.

टूरिंगला रायडर सॅग एकूण हालचालीच्या (चाक वर-खाली जितकं जाऊ शकतं त्याच्या) तीस ते तेहेतीस टक्के धरतात, मोकळा सॅग दहा टक्क्यांच्या आसपास. इंटरसेप्टर ६५० ला मागे ८८ मिमी हालचाल आहे, म्हणजे रायडर सॅग २६ ते २९ मिमी. सुपर मिटिओर ६५० ला मागे १०१ मिमी, तिथे ३० ते ३३. नव्या हिमालयन ४५० ला पुढे-मागे २०० मिमी आहे, तिथे ६० ते ६६ चालतो. दुसऱ्याच्या गाडीचा मिलिमीटरचा आकडा म्हणूनच आपल्या गाडीला लावू नका, टक्का लावा.

खरी गंमत दोन्ही सॅग एकत्र वाचण्यात आहे. रायडर सॅग बरोबर आला पण मोकळा सॅग जवळजवळ शून्य असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही तिला प्रीलोडने (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या नटाने) उगाच आवळलंय. रायडर सॅग बरोबर आणि मोकळा सॅग भरपूर असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. शॉकअप उघडायची गरजच नाही, टेप सगळं सांगते.

४. प्रीलोड पूर्ण टाईट केला तरी दोघं बसलो की गाडी मागून बसूनच राहिली. काहून?

कारण प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. नागपूरच्या निम्म्या गॅरेजमध्ये याच्या उलट सांगतात.

पुढच्या फोर्कचं उदाहरण घेऊ. एका स्प्रिंगला एक मिलिमीटर दबायला ०.९ किलो लागतात असं धरा. दोन स्प्रिंग आहेत, म्हणजे १.८ किलो. प्रीलोड १० मिमी वाढवला तर फोर्क हलायला सुरुवात व्हायला आधीपेक्षा १८ किलो जास्त लागतील. पण एकदा हलायला लागला की पुढचा प्रत्येक मिलिमीटर पुन्हा १.८ किलोनेच बसणार. गाडी थोडी उंच उभी राहते, एवढंच. मोठ्या दणक्याला स्प्रिंग तेवढीच मऊ आहे.

प्रीलोड हा गाडीची उंची जुळवायचा नट आहे. स्प्रिंगच कमी पडत असेल तर शेवटच्या खाचेवर नेऊनही कमीच पडणार.

५. बजेट एकाचंच आहे. पुढे आधी करू की मागे?

दोघं आणि सामान घेऊन फिरत असाल तर मागे. मागे बसलेला माणूस आणि बॅगा यांचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं. एकटे फिरत असाल आणि ब्रेकवर नाक आपटायची तक्रार असेल तर पुढे, आणि तिथे खर्चही कमी. फक्त मागचं सुधारलं की पुढच्याचे दोष जास्त जाणवू लागतात, त्याची तयारी ठेवा. पंगतीत एकालाच पुरणपोळी वाढली की शेजारचा बघतो, तसं.

६. मागचे शॉकअप घेताना दुकानदाराला काय विचारू?

आधी दुकानदाराने तुम्हाला काय विचारलं ते बघा. "वजन किती? मागे कोण बसतं? सामान किती?" हे न विचारता जो खोकं काउंटरवर ठेवतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मी घेतले होते. चांगले, बाहेर तेलाचा डबा असलेले, सोनेरी. माझं वजन ८४, बायकोचं ६१, बॅगा आणि टॉप बॉक्स मिळून १८ किलो. विकणाऱ्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरी आणून मोजलं तर प्रीलोड पूर्ण चढवूनही दोघांचा आणि सामानाचा सॅग ४१ मिमी, म्हणजे ८८ पैकी जवळपास अर्धा, आणि मोकळा सॅग दोन मिमी. प्रश्न ३ मधलं "मऊ स्प्रिंग" म्हणजे काय, ते मला असं कळलं. शॉकअप परत घ्यायला नकार मिळाला. शेवटी नुसत्या कडक स्प्रिंग मागवल्या, त्याच डॅम्परवर चढवल्या, सॅग २८ वर आला. दोन महिने आणि स्प्रिंगचे पैसे गेले.

मग विचारायचं काय? स्प्रिंगचा दर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये किती आहे आणि तो माझ्या वजनाला जुळतो का. वेगळी स्प्रिंग मिळते का. शॉकअपच्या दोन्ही टोकांना बोल्टसाठी असलेल्या डोळ्यांमधलं मध्य ते मध्य अंतर मूळ शॉकअपएवढं आहे का. डोळ्यातले बुश माझ्या बोल्टच्या मापाचे आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन वर्षांनी सील गेलं तर उघडून दुरुस्त होतो का, भारतात कोण करतं. स्वीडनच्या ओहलिन्सपासून थायलंडच्या वायएसएसपर्यंत नावं बरीच आहेत. माझ्या मते ज्याची सर्व्हिस आपल्या देशात होते तो शॉकअप, एक पायरी कमी असला तरी, बरा.

७. बाहेर डबा असलेला शॉकअप घ्यावाच लागतो का?

एकट्याच्या हायवे फिरतीला नाही. डब्याचं काम तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवायचं आणि तेलाचं प्रमाण वाढवायचं. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच नळीत असतात, सतत दणके बसले की त्यांचा फेस होतो आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. तासन्‌तास खराब रस्ता, दोन माणसं, उन्हाळा, हे तिन्ही जमले की डब्याचा फायदा कळतो.

बाजारात निव्वळ शोभेचे डबेही मिळतात. आत पोकळ, नळीशी जोडलेले नाहीत. स्पेअर सील किट मिळतं का विचारा. विक्रेता हसला तर समजून जा.

८. पुढच्या फोर्कमध्ये नेमकं काय बदलतात?

तीन पायऱ्या आहेत. पहिली, वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंग आणि ताजं तेल. बहुतेकांनी इथेच थांबावं.

दुसरी, इम्युलेटर. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं. हळू हालचालीला ती भोकं मोठी पडतात म्हणून ब्रेकवर नाक आपटतं. झटक्याला तीच लहान पडतात म्हणून खड्ड्याचा दणका मनगटात येतो. वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट. इम्युलेटर म्हणजे स्प्रिंगच्या खाली बसणारी झडप. हळू हालचालीला ती विरोध करते, झटक्याला उघडते. त्यासाठी आतल्या दांड्याची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात, म्हणजे परतीचा रस्ता बंद. मूळ दांडा जपून ठेवायचा असेल तर दुसरा विकत घ्या आणि त्याला भोकं पाडा.

तिसरी, पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे आतली डॅम्पिंगची यंत्रणाच नवी. सुंदर वस्तू आहे आणि महाग आहे. घाट गाजवायची हौस नसेल तर टूरिंगला तिची गरज मला तरी वाटली नाही.

सावध राहा: काही नव्या फोर्कमध्ये एका पायात स्प्रिंग आणि दुसऱ्या पायात डॅम्पिंग असतं. दोन्ही पाय सारखेच समजून काम केलं तर गाडी बिघडते. आधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

९. फोर्कमध्ये १० डब्ल्यू टाकू की १५? आणि किती मिली?

डब्ल्यूच्या आकड्यावर फार जाऊ नका. एका कंपनीचं ५ डब्ल्यू दुसरीच्या १० डब्ल्यूएवढं जाड निघू शकतं. कंपनी ४० अंशांना सेंटीस्टोक्समध्ये (जाडपणाच्या मापात) आकडा देते, तुलना त्याने करा. मऊ स्प्रिंगची उणीव जाड तेलाने भरायची युक्ती जुनी आहे आणि चुकीचीही. नाक आपटणं थोडं कमी होतं, पण खड्ड्याचा दणका वाढतो. इंजिन ऑइल तर मुळीच नको.

मिलीपेक्षा तेलाची पातळी मोजा. स्प्रिंग काढा, फोर्क पूर्ण दाबा, पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर घ्या. वर जी हवा उरते तीही शेवटी स्प्रिंगसारखीच वागते. तेल वर म्हणजे हवा कमी, म्हणजे हालचालीच्या शेवटी फोर्क कडक. मॅन्युअलच्या आकड्यापासून सुरू करा, एका वेळी १० मिमीपेक्षा जास्त बदल नको, आणि दोन्ही पाय मिलिमीटरला सारखे. मी सलाईनची नळी लावलेल्या मोठ्या सिरिंजने जास्तीचं तेल ओढतो. नळीला टाय बांधून खोली ठरवायची, बस.

१०. नवतप्यात शॉकअप मऊ पडतात असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. तेल तापलं की पातळ होतं आणि डॅम्पिंग कमी होतं. सावलीत ४५ अंश असताना डांबर त्याहून बरंच तापलेलं असतं, आणि शॉकअप स्वतःच्या कामाने तापतो ते वेगळंच. रिबाउंडचा नट असेल तर मेच्या दुपारी एखाद-दोन क्लिक आवळा, डिसेंबरात परत सोडा.

नायट्रोजनचा दाबही वाढतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेला शॉकअप मेमध्ये काम करून ८० अंशांवर गेला तर आतल्या वायूचा दाब साधारण पावपट चढतो. त्याने नुकसान होत नाही, पण जुनं सील अशाच दिवशी दगा देतं. नायट्रोजनचा वाल्व घरी उघडायच्या भानगडीत पडू नका, आत मोठा दाब असतो. आणि पंपावरची साधी हवा तर त्यात भरूच नका, हवेसोबत बाष्प जातं.

११. शहरातल्या सिमेंट रोडवर गाडी हळूहळू कडक होत जाते, खटखट करते. डांबरावर तीच गाडी मस्त. का बरं?

नागपूरचा खास प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडणारा.

सिमेंटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, म्हणजे सेकंदाला तीन-चार सांधे. एका सांध्यावर दबलेलं सस्पेन्शन पुढचा सांधा यायच्या आत, पाव सेकंदात, परत वर यायला हवं. रिबाउंड फार आवळलेलं असेल तर ते येत नाही. अर्धवट दबलेलं असतानाच दुसरा दणका, मग तिसरा. शॉकअप खाली खाली बसत जातो, हालचाल संपते आणि रस्ता पाठीत येतो. माणसाला वाटतं कडक झाला. मग तो प्रीलोड कमी करतो आणि आणखी बिघडवतो.

उपाय रिबाउंड सोडणे. आधी नट घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि किती क्लिक झाले ते लिहा, ती तुमची जुनी जागा. मग त्या जुन्या जागेवर परत या आणि तिथून दोन-दोन क्लिक सोडत त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच हवेच्या दाबावर फिरा. खटखट थांबली की थांबा. आणखी सोडलं तर उलटा रोग: स्पीड ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डुलते, वळणात होडीसारखी वाटते. मधली जागा साधारण अशी, की सीट जोरात दाबून सोडली तर गाडी एकदाच वर येते आणि थांबते.

एका वेळी एकच नट फिरवा. दोन फिरवले की कशाने काय झालं ते कुणीच सांगू शकत नाही. माझ्या सीटखाली पावसात भिजून फुगलेली वही आहे, त्यात 'वर्धा रोड, एकटा' आणि 'छिंदवाडा, दोघं' अशी दोन पानं आहेत.

नट नसलेल्या शॉकअपला हा इलाज नाही. तिथे टायरची हवा आणि वेग, एवढंच हातात.

१२. बायको आणि टॉप बॉक्स घेऊन ताशी ९० वर हँडल हलतं. शॉकअप बदलले तर थांबेल का?

कदाचित. पण आधी टॉप बॉक्स रिकामा करून तोच रस्ता, तोच वेग बघा. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि उंच असतो. त्यातलं वजन तरफेसारखं पुढचं चाक हलकं करतं. मागे सॅग जास्त झाला की स्टिअरिंगचा कोनही पसरतो. दोन्ही मिळून हँडल हलतं. जड सामान, म्हणजे पाने, पाणी, पंक्चर किट, बाजूच्या बॅगांत खाली आणि पुढे ठेवा. वर फक्त रेनकोट.

मग दोघं बसून सॅग मोजा (प्रश्न ३) आणि त्याप्रमाणे प्रीलोड चढवा. कोनसेट आणि टायरचं झिजणं बघा. इतकं करूनही थरथर राहिली तर वेग कमी ठेवा आणि गाडी दाखवा. हँडल घट्ट आवळून धरल्याने थरथर वाढते.

१३. माझी उंची पाच फूट दोन. गाडी खाली करता येते का? एकाने स्प्रिंग कापून देतो म्हटलं.

त्याला नमस्कार करून निघा. वेटोळी कापली की स्प्रिंग कडक होते. वीसपैकी दोन वेटोळी गेली तर दर साधारण ११ टक्के वाढतो, आणि कापलेलं टोक नीट बसतही नाही.

आधी सीट कोरून घ्या. इतवारीत गादीचं काम करणारे एका दुपारीत फोम कापून देतात. त्याने भागलं नाही तर आखूड शॉकअप किंवा मोनोशॉकला (मागे एकच शॉकअप असेल तर) लोअरिंग लिंक, आणि तेवढंच पुढून फोर्क टीमध्ये (हँडलखालच्या, फोर्क धरणाऱ्या पकडीत) वर सरकवणं. नुसतं मागून खाली केलं तर स्टिअरिंग सुस्त होतं. गाडी खाली आली की साइड स्टँडवर ती जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याने दुसऱ्या बाजूला पडते, म्हणून स्टँडही कापून घ्यावा लागतो. खड्ड्यावर हालचाल कमी उरते ते वेगळंच.

१४. आणि उंच शॉकअप लावले तर?

वरच्या उत्तराचं उलट. मागून उंच केली की स्टिअरिंगचा कोन उभा होतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो, गाडी चपळ वाटते आणि वेगात चंचल. साइड स्टँडवर ती जास्त कलते. चेन परत जुळवावी लागते: पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते, त्या जागी ढील मोजा. पाच-दहा मिमीच्या पुढे माझा सल्ला नको असाच आहे.

१५. फोर्कचं ऑइल सील गळून राहिलं. अजून हजार किमी जायचं आहे. काय करू?

आधी डस्ट सील खाली सरकवा. पुष्कळदा सीलच्या ओठाखाली माती अडकलेली असते, आणि आपल्याकडची काळी माती सुकली की दगड होते. घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या, पट्टी कापा, टोकाला आकड्यासारखी खाच करा, पाईप आणि सीलच्या मध्ये सरकवून गोल फिरवा, घाण बाहेर येते. मी सौंसरच्या पुढे ढाब्यावर हे केलं आहे. ती माझ्या काकांच्या गुडघ्याची फिल्म होती, टूलकिटमध्ये कायमची आहे.

तरीही गळत असेल, किंवा पाईपवर नखाला लागणारे गंजाचे ठिपके असतील, तर नवं सीलही महिनाभरात जाईल. पाईपचं काम आधी. आणि तेल पुढच्या डिस्कवर किंवा पॅडवर उतरलं असेल तर पुढे जाऊ नका. गाडी टेम्पोत घाला.

१६. पडल्यावर फोर्कचा पाईप वाकला. खरादवाला सरळ करून देतो म्हणतो.

करून देतो, सरळ दिसतोही. पण वाकवून परत सरळ केलेल्या जागी धातू कमकुवत होतो आणि क्रोमला बारीक भेगा जातात, त्या सील खातात. सव्वादोनशे किलोच्या गाडीला हा धोका घेऊ नका. वाकला की नाही ते बघायला पाईप जाड काचेवर लोळवा आणि खालून येणारा उजेड बघा. नवाच घाला.

१७. माझी गाडी मोठी परदेशी आहे. हेच सगळं लागू होतं का?

सॅगचं गणित लागू होतं, आतली यंत्रं वेगळी. बीएमडब्ल्यूच्या जीएसमध्ये टेलिलिव्हर असेल तर पुढच्या नळ्यांतलं तेल फक्त वंगणासाठी आहे. ते जाड केल्याने काही होत नाही, काम वेगळ्या शॉकअपचं आहे. २०१८ पासूनच्या गोल्डविंगला पुढे कारसारखे दुहेरी विशबोन आहेत, तिथे फोर्क स्प्रिंगचा प्रश्नच येत नाही. हार्लेच्या बॅगरला (बाजूला बॅगा असलेल्या टूरिंग गाडीला) जुन्या वर्षांत मागे हालचाल फार कमी होती. २०२४ च्या स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइडमध्ये ती तीन इंच, म्हणजे ७६ मिमी केली. जुनी असेल तर शॉकअप बदलण्याचा फरक बाकी कुठल्याही गाडीपेक्षा तिथे जास्त कळतो.

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर साधा शॉकअप लावल्यावर मीटरवर एररचा दिवा लागतो. नुसत्या स्प्रिंग बदलून किंवा त्याच वायरिंगला जुळणारा शॉकअप घेऊन काम होतं का, ते आधी विचारा.

१८. आरटीओ पकडेल का? इन्शुरन्सचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ जागी, मूळ लांबीचा शॉकअप बसवला तर आरसीवरचं काही बदलत नाही. चिमटा लांब केला तर व्हीलबेस बदलतो, तिथे अडकाल. गाडी एमएच-३१ ची असो, ४९ ची की ४० ची, कायदा एकच.

इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा आणि बिल जपा. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शनशी जोडलेल्या भागांचा दावा नाकारला जाऊ शकतो. मूळ शॉकअप विकू नका, गाडी विकताना लागतात.

१९. समृद्धीवर घेऊन टेस्ट करता येईल का? रस्ता एकदम सपाट आहे.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. आणि सपाट रस्त्यावर सस्पेन्शनची परीक्षा होतच नाही. मी घरापासून एक बारा किलोमीटरचा फेरा ठरवलाय. त्यात सिमेंटचे सांधे, पेव्हर ब्लॉकचा तुकडा, तीन वेडे स्पीड ब्रेकर आणि एक उघडं वळण आहे. दर बदलानंतर तोच फेरा. तुम्हीही आपला ठरवा, सकाळी सहाच्या आत.

२०. नवीन शॉकअप बसवले. आता पहिल्या महिन्यात काय बघायचं?

बसवताना बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, टॉर्क पान्याने. डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर रबरी बुश पिळलेले राहतात. ब्रेकचा पाईप आणि चेन कव्हर कुठे घासत नाही ना, हे गाडी दाबून बघा.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये सील आणि बुश बसतात, स्प्रिंगही किंचित बसते. तेव्हा प्रश्न ३ प्रमाणे सॅग पुन्हा मोजा, बहुधा दोन-तीन मिलिमीटर वाढलेला मिळेल, तेवढा प्रीलोड चढवा. फोर्कवरचा केबल टाय काढू नका. राइडवरून आलं की तो कुठवर सरकलाय ते बघा. टोकापासून बोटभर अंतर राहिलं असेल तर ठीक, पार टोकाला गेला असेल तर तेलाची पातळी किंवा स्प्रिंग, यातलं एक अजून जुळायचं आहे.

टाय काळा घेऊ नका, रात्री पार्किंगमध्ये दिसत नाही. पिवळा घ्या.